रतिबाच्या दुधातून काय काय येतं?

मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसकडे सरकू लागला की जेवणात ताकाचा वाटा वाढतो. धपाट्यांसोबत दही, ज्वारीच्या भाकरीसोबत ताक, रात्री कढी. अशा घरांतही एखादे काका असतातच, जे दुधाचा पेला पुढे आला की हात जोडतात. दूध त्यांना ‘बाधतं’. पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. ताकाचे दोन पेले मात्र ते सहज रिचवतात. घरच्यांना हा नखरा वाटतो, पण काकांचं पोट खोटं बोलत नसतं.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. गाईच्या 100 मिली दुधात साधारण पाच ग्रॅम. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, पण अंगावरचं दूध सुटल्यावर बहुतेकांत कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांची हीच गत आहे. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. मोठेपणीही हे विकर टिकवून ठेवणारा जनुकीय बदल काहींत असतो. भारतातल्या दोन हजारांहून अधिक लोकांचे नमुने तपासून 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो वायव्येकडे आणि पशुपालक समाजांत जास्त, तर दक्षिणेला आणि पूर्वेला कमी आढळला. त्यामुळे एकाच गल्लीत तांब्याभर दूध पचवणारा आणि कपभर दुधाने हैराण होणारा, असे दोघे भेटले तर नवल नाही.

विरजणातले जिवाणू यातली काही साखर आधीच फस्त करतात, आणि पोटात गेल्यावर उरलेली पचवायलाही हातभार लावतात. म्हणून दही-ताक सोसतं. लॅक्टेज कमी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना जेवणासोबत घेतलेलं कपभर दूधही चालून जातं. दुधाची ॲलर्जी हे प्रकरण मात्र वेगळं. ती दुधातल्या प्रथिनांची असते. अंगावर गांधी उठतात, कधी श्वास कोंडतो. अशा माणसाला ताकसुद्धा वर्ज्य.

आता गोठ्याकडे. धारोष्ण दूध, म्हणजे धार काढल्या काढल्या प्यायलेलं कोमट दूध, पैलवानकीच्या गोष्टींत फार मानाचं. पण गाय किंवा म्हैस ब्रुसेलोसिसने बाधित असेल तर त्याच निरशा दुधातून तो जंतू माणसात येतो. चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम आणि महिनोन्‌महिने न हटणारी सांधेदुखी ही त्याची लक्षणं. मलेरिया, टायफॉइड असं समजून उपचार चालू राहतात आणि खरं दुखणं हाती लागत नाही. जनावराकडे पाहिलं तर एक खूण दिसते. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडतं. अशा वेळी पडलेला गर्भ आणि जार उघड्या हातांनी उचलणं हेही संसर्गाचं दार. केंद्र सरकारने 2019 मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना याची लस दिली जाते. घरात करायचं काम त्यामानाने सोपं आहे. दूध नीट उकळलं की हा जंतू मरतो.

उकळून न जाणारी गोष्ट पेंडीतून येते, आणि परभणीच्या वाचकाने कान टवकारावेत अशी हीच आहे. हा कापसाचा मुलूख. सेलू-मानवतच्या बाजारांत कापूस येतो, सरकीचं तेल निघतं आणि उरलेली पेंड दुभत्या जनावरापुढे जाते. खुराक उत्तमच. पण पावसाळ्यात पोती भिंतीला टेकून ओलसर जमिनीवर राहिली, की पेंडीचे गठ्ठे होतात, कुबट वास येतो आणि बुरशी धरते. ॲस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. जनावराच्या यकृतात त्याचं रूप बदलतं आणि थोडा अंश दुधात उतरतो. त्याला अफ्लाटॉक्सिन एम-1 म्हणतात. त्याचा यकृताच्या कर्करोगाशी संबंध जोडला जातो, आणि दूध कितीही उकळलं तरी ते जवळपास तसंच राहतं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. वर्तमानपत्रांना ओढ भेसळीची होती. भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने निघाले 12. एम-1 मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने होते 368, म्हणजे 5.7 टक्के. शिवाय आपली मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम, तर युरोपची त्याच्या एकदशांश. दिलासा एवढाच की बुरशीची पेंड थांबवली की काही दिवसांत दूध स्वच्छ होतं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवणं, गठ्ठे धरलेली पेंड न घालणं, यापलीकडे मोठा खर्च नाही. दगडी झालेल्या जनावराला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ते दूध रतिबाला न घालणं, हेही त्यातच आलं.

देशी गाईंच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ‘ए-टू’ दुधाचा बोलबाला त्यामानाने फुगवलेला आहे. लाल कंधारी किंवा देवणी गाय पाळावी ती तिच्या काटकपणासाठी आणि शेतीतल्या उपयोगासाठी. तिच्या दुधाने रोग बरे होतात याला पक्का पुरावा नाही.

उलट दूध कमी पडण्याचे तोटे आपल्याकडे नीट मोजले गेले आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांना पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी दोनतृतीयांश जणांत बी-12 जीवनसत्त्व कमी आढळलं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. पण तान्ह्या बाळाच्या बाबतीत हात आखडताच हवा. दुधात लोह नावालाच असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीच्या दुधावरच वाढवलं, तर ते गुटगुटीत दिसूनही रक्त कमी भरतं.

राहता राहिला मुतखडा. उन्हाच्या या पट्ट्यात तो ओळखीचा पाहुणा, आणि खडा निघाला की घरातली पहिली आज्ञा ‘दूध बंद’. इटलीत 120 पुरुषांवर पाच वर्षं चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उलटंच दिसलं. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्यांना पुन्हा खडा होण्याचा धोका, कॅल्शियम तोडलेल्यांच्या निम्म्यावर आला. आहारातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. म्हणजे खड्याच्या रुग्णाने आधी पाणी वाढवावं आणि हात आखडावा तो ताकात पडणाऱ्या मिठावर.