संकेतस्थळाचा लेखनफलक

संकेतस्थळ उघडले असता वाचकास सजविलेले पान दिसते; ते पान जेथे लिहिले जाते ती जागा मात्र त्याच्या दृष्टीस पडत नाही. तिला एडिटर म्हणतात; आपण लेखनफलक म्हणू. हा फलक जसा मिळेल तसाच वापरावा लागतो, ही पुष्कळांची समजूत खरी नव्हे.

२००३ साली निघालेल्या वर्डप्रेस या प्रणालीचेच उदाहरण घेऊ. पूर्वी तिचा फलक म्हणजे एक अखंड चौकट असे. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० ही आवृत्ती आली आणि परिच्छेद, मथळा, चित्र, यादी असा प्रत्येक भाग स्वतंत्र 'ब्लॉक' झाला. या योजनेस गुटेनबर्ग या जर्मन मुद्रकाचे नाव दिले गेले. ज्या गोव्यात १५५६ साली छापखाना आला, तेथील आम्हांस ते परके वाटत नाही. मात्र छापखान्यातील खिळे ठरल्या मापाचे असत. जुळाऱ्यास अक्षर मनास येईल तसे फुगविता येत नसे. नव्या फलकावर ते सहज साधते, आणि मग पणजीच्या कार्निव्हालला शोभणारे रंग परीक्षेच्या निकालावर चढतात!

प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. अंध वाचक स्क्रीन रीडर या, मजकूर बोलून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साह्याने पान वाचतो. मथळ्यामागून मथळा ऐकत तो हव्या त्या भागापाशी पोचतो. परंतु लिहिणाऱ्याने मथळ्याचा ब्लॉक न घेता साध्या परिच्छेदाचीच अक्षरे ठळक व मोठी केली, तर डोळस वाचकास तो मथळा भासतो. स्क्रीन रीडरला तो मथळा म्हणून ओळखता येत नाही. एखाद्या अंध विद्यार्थ्यास आपल्या वर्गाचे वेळापत्रक शोधण्यासाठी मग सगळे पान आरंभापासून ऐकावे लागते.

म्हणून फलकाची साधने निवडून ठेवावीत. जुलै २०२१ मधील ५.८ या आवृत्तीपासून थीमच्या 'थीम डॉट जेसन' या फाईलीत ही व्यवस्था करता येते. तेथे 'कलर'खाली 'कस्टम' व 'डिफॉल्टपॅलेट' यांपुढे 'फॉल्स' लिहिले की रंगांची खुली पेटी मिटते आणि 'पॅलेट'मध्ये आपण नोंदलेले चारपाच रंग तेवढे उरतात. अक्षरांच्या स्वैर आकारासही असाच लगाम घालता येतो. कोणते ब्लॉक उपलब्ध असावेत हे एका छोट्या पीएचपी फंक्शनने ठरते. ओळींमधील अंतरही त्याच फाईलीत वाढवून घ्यावे. रोमन लिपीच्या बेताने ठेवलेल्या अंतरात आपल्या वेलांट्या, उकार एकमेकांस भिडतात.

वार्षिक क्रीडावृत्तासारख्या ठराविक लेखनासाठी मथळे आधीच मांडून त्या ब्लॉकांस कुलूप घालावे. शब्द बदलता येतात, ब्लॉक हलविता वा काढता येत नाही. कुलूप कोणी उघडावे हेही ठरविता येते. ठळक अक्षराचे बटण मात्र आम्ही काढणार नाही. त्याचा योग्य उपयोग शिकविणे हे शिक्षकाचे काम आहे, फाईलीचे नव्हे.

हे सर्व बदल मूळ थीममध्ये न करता 'चाइल्ड थीम'मध्ये करावेत. कारण मूळ थीमची नवी आवृत्ती चढविली की तिच्या फाईलींतील आपले बदल पुसले जातात.