उभी बाटली, आडवी बाटली आणि एक साधा अर्ज

‘वय किती तुझं? आयकार्ड दाखव.’ वाईन शॉपच्या जाळीमागून हा प्रश्न तुमच्या ग्रुपमधल्या कुणाला शेवटचा कधी विचारला गेला? आठवत नाही ना? महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रम-व्होडकासाठी 25. शिवाय पिण्याचा परवाना लागतो, तो वेगळा. म्हणजे एफवाय-एसवायच्या जवळपास अख्ख्या वर्गासाठी ते काउंटर कायद्यानं बंदच आहे. तरी बाटली मिळते. कशी मिळते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल!

आता दुसरी बाजू बघा. तुम्ही कर्जत, नेरळ किंवा खोपोलीहून रोज अप-डाऊन करता. संध्याकाळी उशिरा लोकलमधून उतरून घरी चालत जाताना एखाद्या दुकानासमोर पावलं आपोआप भरभर पडतात. आडोशाला ग्लास आणि चखणा, फुटपाथवर बाइक, मधूनच शिवीगाळ. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात धबधबे, वीकेंडला फार्महाऊस, गटारी आणि थर्टीफर्स्ट. मुंबई-पुण्याची गर्दी येते, जाते. मागे राहणारा त्रास मात्र स्टेशन रोडवरच्या आणि धरणाजवळच्या वाड्या-पाड्यांमधल्या लोकांना. दर पावसाळ्यात धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. पण बाटली जिथून निघते, त्या काउंटरचं काय?

पोलीस दुकान बंद करू शकतात?

थेट उत्तर : एरवी नाही. दंगल उसळली किंवा उसळण्याची चिन्हं असली, तर हजर असलेला पोलीस अधिकारी दारूचं दुकान तेवढ्यापुरतं बंद करायला लावू शकतो. त्यापलीकडे परवाना पोलिसांच्या हातात नसतो. तो असतो जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, म्हणजे आपण ज्यांना ‘एक्साइजवाले’ म्हणतो त्यांच्याकडे. पोलिसांचं काम अहवाल देण्याचं. अमुक दुकानाभोवती मारामाऱ्या, छेडछाड, चोऱ्या वाढल्यात, असं त्यांनी कळवलं की पुढचा निर्णय तिथे होतो.

त्यासाठी कायदा आहे 1949 चा दारूबंदी कायदा. हो, नाव दारूबंदीचंच! मुळात दारूला मनाई आणि परवाना म्हणजे अपवाद, अशी त्याची रचना आहे. कलम 142 नुसार सार्वजनिक शांततेसाठी जिल्हाधिकारी दुकान काही काळ बंद ठेवायला सांगू शकतात. ‘ड्राय डे’ची ताकदही तिथलीच. कलम 54 नुसार मालकानं किंवा त्याच्या नोकरानं परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द होतो. कलम 56 मध्ये इतर कारणांनी रद्द करायची सोय आहे. दारूचा धंदा हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात स्पष्ट केलंय.

म्हणून मालकाला बाजूच नाही, असं समजू नका. त्याला म्हणणं मांडता येतं, वर अपील करता येतं. ‘रस्त्यावर पोरं भांडली, त्यात माझा काय दोष?’ हा त्याचा प्रश्न चुकीचा नाही. दुकानात कामाला असलेल्यांची घरंही त्यावर चालतात. त्यामुळे ‘वातावरण खराब झालंय’ एवढ्यानं काही होत नाही. गुन्हा आणि काउंटर यांच्यातला दुवा दाखवावा लागतो. कमी वयाच्या मुलाला माल दिला, वेळेनंतर शटर अर्धं उघडं ठेवून विक्री केली, वाईन शॉपच्या दारातच प्यायला बसू दिलं (तिथे फक्त सीलबंद विक्रीची परवानगी असते), असा ठोस दुवा.

आधी माणसं गेली, मग सील लागलं

19 मे 2024 चं पुणे आठवतंय? कल्याणीनगरमध्ये पहाटे पोर्शे कारनं दोन तरुण इंजिनीअर्सना चिरडलं. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा 17 वर्षांचा. त्याआधी त्याला दोन ठिकाणी दारू दिली गेली, असं पोलिसांनी सांगितलं. दोन-तीन दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं ते दोन्ही बार सील झाले. पुढच्याच महिन्यात फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरच्या एका बारमधला व्हिडिओ व्हायरल झाला. बार सील झाला, काही पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली. 7 जुलैला मुंबईत वरळीला बीएमडब्ल्यूच्या धडकेत एका महिलेचा जीव गेला. आरोपी पंचविशीच्या आतला असूनही त्याला हार्ड लिकर दिल्याचं एक्साइजनं सांगितलं आणि जुहूचा तो बारही सील झाला.

तिन्ही ठिकाणचा क्रम बघा. वयाचा नियम आधीपासून होता. परवान्याच्या अटी आधीपासून होत्या. तपासणी मात्र घटनेनंतर झाली. आपला भागही यात नवखा नाही. जून 2011 मध्ये खालापूर तालुक्यातल्या एका रिसॉर्टवरच्या रेव्ह पार्टीवर रायगड पोलिसांनी छापा टाकला. सुमारे तीनशे तरुण-तरुणी ताब्यात घेतले गेले आणि त्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकातला एक निरीक्षकही अटकेत गेला. नजर ठेवणाऱ्यांवरही कुणाची तरी नजर लागते, ती अशी.

मत द्यायला 18 पुरेत

ती नजर आपलीही असू शकते. महाराष्ट्रात 25 मार्च 2008 च्या आदेशानं लोकांना दारूचं दुकान मतदान करून बंद करता येतं. गावात किंवा नगरपालिकेच्या वॉर्डात 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी ‘आडवी’वर शिक्का मारला तर दुकान बंद.

‘एकूण’ हा शब्द नीट वाचा. वॉर्डात 1000 महिला मतदार असतील तर 250 सह्या लागतात आणि 501 मतं. मतदानाला आलेल्यांपैकी निम्मी नव्हेत, यादीतली निम्मी. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत न देताही ‘उभी’ बाटलीच्या पारड्यात पडलं. मुलींनो, कॉलेजमुळे रूमवर राहत असाल आणि नाव गावच्या यादीत असेल, तर त्या दिवशी लोकल पकडून घरी जायला हवं. दारू घ्यायला 21 आणि 25 लागतात. दुकान राहावं की जावं, हे ठरवायला 18 पुरतात. आणि मित्रांनो, सह्या गोळा करायला, यादी तपासायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

बंद केलं की संपलं?

इथे जरा थांबू. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती. मे 2021 मध्ये सरकारनं ती उठवली. अवैध दारू आणि त्याभोवतीची गुन्हेगारी वाढली, हे कारण दिलं गेलं. त्यावर आजही वाद आहे, पण प्रश्न खरा आहे. परवान्याचं दुकान गेलं आणि मागच्या गल्लीत हातभट्टी आली तर वय विचारणारं, वेळ पाळणारं कुणीच उरत नाही. 2015 मध्येच मालवणीच्या विषारी दारूनं शंभरावर बळी घेतले होते.

म्हणून ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या मधली वाटही माहीत असायला हवी. इंग्लंडमध्ये 2003 च्या कायद्यानं पोलीस किंवा शेजारचा कुठलाही रहिवासी दुकानाच्या परवान्याचा फेरविचार मागू शकतो. तशी नोटीस 28 दिवस दुकानाजवळ लावली जाते, लोक म्हणणं मांडतात आणि स्थानिक समितीपुढे सुनावणी होते. परवाना रद्दच होतो असं नाही. वेळ कमी करा, कॅमेरे लावा, वय तपासल्याची नोंद ठेवा, अशा अटी घालता येतात. तीन महिन्यांपर्यंत निलंबनही होतं. आपल्याकडे परवान्याचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि नूतनीकरण होतं. त्याच्या आधीचे महिने तक्रार नोंदवायला, अशा अटी मागायला योग्य.

मग करायचं काय?

एक, त्रास झाला की 112 ला फोन करा. ग्रुपवर स्टेटस टाकून नोंद होत नाही, फोननं होते. छेडछाड झाली असेल तर लेखी तक्रार द्या आणि प्रत घ्या. दोन, तारीख, वार, वेळ आणि नेमकं काय घडलं, याची वही ठेवा. दोन-तीन महिन्यांची अशी वही ‘तिथे नेहमीच राडा असतो’ या वाक्यापेक्षा जड असते. तीन, दहा रुपयांत माहितीचा अधिकार वापरा : या दुकानावर मागच्या तीन वर्षांत किती तपासण्या, किती दंड? उत्तर साधारण 30 दिवसांत यायला हवं. चार, अर्ज एकट्याच्या नावानं नको. एनएसएस युनिट, बचत गटातल्या ताया-मावश्या, सोसायटी, स्टेशनबाहेरचे रिक्षावाले, सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रती पोलीस ठाण्याला, एक्साइजला आणि अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयाला. पाच, दुकानदारालाही आधी भेटा. दारातली बैठक उठवणं, बाहेर दिवा लावणं हे तो उद्यापासून करू शकतो.

आणि सहावी गोष्ट, जी अर्जात लिहिता येत नाही. तुमच्या ग्रुपमधला अठरा-एकोणीस वर्षांचा कुणी त्याच काउंटरवरून बाटली आणत असेल, तर त्या दुकानाचा नियम मोडायला गिऱ्हाईक आपणच पुरवतोय. आधी त्याच्याशी बोला. सह्या मागायला दारोदार जाल, तेव्हा पहिला प्रश्न हाच येईल.