कोलेस्टेरॉलची बाहेरची वाट अडवणारा रेणू

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात टँजिअर नावाचं लहानसं बेट आहे. १९६० च्या आसपास तिथल्या पाच वर्षांच्या एका मुलाचे टॉन्सिल डॉक्टरांना चक्क नारिंगी-पिवळे दिसले. त्याच्या बहिणीचेही तसेच होते. तपासणीत कळलं की टॉन्सिलच्या पेशी कोलेस्टेरॉलने ठासून भरल्या आहेत आणि रक्तात एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, जवळजवळ नाहीच. पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल बाहेर काढून एचडीएलच्या हवाली करणारं ‘एबीसीए१’ हे प्रथिन या आजारात बिघडलेलं असतं, याचा उलगडा मात्र १९९९ मध्ये झाला.

हृदयविकारातही हेच प्रथिन कळीचं आहे. धमनीच्या भिंतीत शिरलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, भक्षक पेशी गिळतात. गिळलेलं बाहेर टाकता आलं नाही, तर त्या फुगून फेसाळ दिसू लागतात, तिथेच अडकतात आणि प्लाक, म्हणजे धमनीतला चरबीचा थर, वाढत जातो. टँजिअरच्या भावंडांसारखा जनुकीय दोष नसतानाही एबीसीए१ कमी पडू शकतं. त्याला आवर घालणारा रेणू आपल्या प्रत्येकात असतो. त्याचं नाव मायआर-३३. तो एक मायक्रोआरएनए आहे.

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांच्या आरएनएच्या साखळ्या. त्या स्वतः प्रथिन बनवत नाहीत; दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचं प्रथिन बनू देत नाहीत. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन या शास्त्रज्ञांना हे १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडलं. त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं.

मायआर-३३ कुठे बसलाय, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की ‘एसआरईबीएफ२’ हे जनुक जागं होतं आणि कोलेस्टेरॉल तयार करण्याचा, बाहेरून आत घेण्याचा हुकूम सुटतो. मायआर-३३ याच जनुकाच्या पोटात आहे. म्हणजे आवक वाढवतानाच जावक बंद! २०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे ‘सायन्स’मध्ये मांडलं.

याचा एक भाऊही आहे, मायआर-३३बी. चरबी तयार करवणाऱ्या, इन्सुलिनने चेतणाऱ्या जनुकात तो दडलेला असतो. टाइप-२ मधुमेहाच्या अनेक रुग्णांच्या अहवालात ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल उतरलेलं दिसतं. या जोडगोळीमागे त्याचाही हात असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. उंदरांत हा भाऊ नसतोच, म्हणून २०११ मध्ये आफ्रिकी हिरव्या माकडांवर प्रयोग झाला. दोन्ही भावांना निष्प्रभ करणारं औषध दिल्यावर एचडीएल सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढलं.

इथेच हुरळून जाण्यात धोका आहे. मायआर-३३ जन्मापासूनच नसलेले उंदीर पुढे लठ्ठ झाले, त्यांच्या यकृतात चरबी साठली. एक मायक्रोआरएनए अनेक जनुकांना धरून असतो. एक धागा ओढला की दुसरीकडे गाठ बसते. शिवाय एचडीएलचा आकडा फुगवणं म्हणजे हृदय वाचवणं नव्हे. एचडीएल भरपूर वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या वेगळ्या प्रकारच्या औषधाची मोठी चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले होते.

म्हणून मला यकृताला न छेडता फक्त प्लाकमधल्या भक्षक पेशींपर्यंत औषध पोहोचवण्याची दिशाच खरी आशेची वाटते. तोवर डॉक्टरांनी दिलेली, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि तंबाखू सोडायला उद्याची वाट पाहू नका.