माहूर-किनवट परिसरातील ‘वार’-अन्त्य आडनावे

मराठी आडनावांचा विचार करताना ‘कर’ हा प्रत्यय प्रथम डोळ्यांसमोर येतो. माहूरकर, नांदेडकर, किनवटकर ही आडनावे ग्रामदर्शक होत; आणि ती बहुधा गाव सोडल्यानंतर रूढ होतात, कारण माहुरातच राहणाऱ्यास ‘माहूरकर’ म्हणण्याचे प्रयोजन नसते. पैनगंगेच्या परिसरात मात्र याच्या जोडीला मामीडवार, चिंतावार, कोंडावार, कोत्तावार अशा आडनावांचा एक वेगळा वर्ग ठळकपणे आढळतो. यांतील ‘वार’चा संबंध संस्कृत ‘वर’शी जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक असले, तरी भाषिक पुराव्यापुढे तो टिकत नाही.

तेलुगूत ‘वारु’ हे तृतीयपुरुषी अनेकवचनी, तसेच आदरार्थी सर्वनाम आहे. घराण्याच्या नावास, म्हणजे ‘इंटिपेरु’स, ते जोडले की ‘त्या घरची मंडळी’ असा अर्थ सिद्ध होतो. तेलुगू शब्द सामान्यतः स्वरान्त असतात. मराठी उच्चारात अन्त्य ऱ्हस्व उकार लोपला आणि ‘वारु’चे ‘वार’ झाले. पूर्वपदे तेलुगूच राहिली: मामिडि म्हणजे आंबा, चिंत म्हणजे चिंच, कोंड म्हणजे डोंगर, कोत्त म्हणजे नवे. मूळ नाव झाडावरून पडले की त्या नावाच्या गावावरून, याचा निर्णय मात्र प्रत्येक कुळापुरता स्वतंत्रपणे करावा लागतो. दुसरा बदल क्रमाचा आहे. तेलुगूत घराण्याचे नाव प्रथम येते. मराठी पद्धतीनुसार ते व्यक्तिनाम व पितृनाम यांच्या मागे गेले.

‘कर’ गाव सांगतो, ‘वार’ घर सांगतो. इंग्रजीतील ‘विल्यम्स’मधील अन्त्य ‘स’ही ‘विल्यमचा’ असा षष्ठीचाच अर्थ वाहतो. कुळाशी असलेला संबंध नावातच नोंदविण्याची ही प्रवृत्ती भिन्न भाषांत दिसते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक ठरतात. ‘वार’ने संपणारे प्रत्येक आडनाव या वर्गातील नव्हे; ‘पवार’ हे ‘परमार’पासून आलेले असून त्यात हा प्रत्यय नाही. दुसरे असे की, ही आडनावे आर्यवैश्य समाजात विपुल असली, तरी ती एका जातीची खूण मानता येत नाहीत. ती अन्य समाजांतही आहेत, आणि त्यांचा विस्तार यवतमाळ-चंद्रपूरपर्यंत आहे. १९६२-६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले मारोतराव कन्नमवार हे चांद्याकडचेच. नांदेड जिल्ह्यातील ‘मन्नेरवारलू’ या जमातीच्या नावात तर तेलुगू अनेकवचन ‘वारलु’ जवळजवळ जसेच्या तसे टिकले आहे.

या आडनावांमागे प्रदेशाचा इतिहास उभा आहे. माहूर ज्यात मोडत होते तो किनवट तालुका निजामी राज्यात आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला. सीमारेषा नवी होती, घराण्यांची नावे तिच्याहून जुनी. म्हणून ‘वार’ ऐकताच त्या कुटुंबाला परप्रांतीय ठरविणे इतिहासाला धरून नाही. आडनावावरून आजची मातृभाषा ठरत नाही. पूर्वजांच्या भाषिक सहवासाची साक्ष तेवढी मिळते. मराठी नामव्यवस्थेने एक द्राविडी घटक इतक्या सहजतेने आत्मसात केला, ही गोष्ट मराठीच्या घडणीविषयी बरेच काही सांगते. अशा आडनावांची नोंद वयोवृद्धांच्या उच्चारासह आणि मूळ गावाच्या माहितीसह होणे अगत्याचे आहे. लेखनात ‘वार’चे ‘वर’ होऊन बसले, तर हा पुरावाच नाहीसा होईल.