मनगटाची जीभ

जिभेला चटका बसला म्हणून घरात पेढे वाटावेत, असं सहसा घडत नाही. आमच्याकडे घडलं.

तंबाखूची चंची ही अण्णांची चाळीस वर्षांची सोबतीण. जिभेच्या डाव्या कडेची जखम भरेना, तपासणीत कर्करोग निघाला. अर्धी जीभ काढावी लागणार होती. ‘मग हे जेवणार कसे, बोलणार कसे?’ आईनं विचारलं. डॉक्टरांनी अण्णांच्या डाव्या मनगटाकडे बोट दाखवलं. तिथल्या कातडीची जीभ करायची! आम्हाला ती थट्टाच वाटली.

ही युक्ती चिनी शल्यविशारदांची. १९८१ साली ती प्रसिद्ध झाली. मनगटाजवळची पातळ, लवचिक कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलायची आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या. उरलेल्या धमनीवर हाताचा पंजा तग धरेल ना, हे मनगट दाबून आधीच पाहतात. पण रक्त मिळालं की ती कातडी जगते, एवढंच. घास कुठं अडकला, लाळ कधी ओघळली, तिला पत्ता नसतो. म्हणून अण्णांच्या त्या तुकड्याबरोबर हाताच्या कातडीचा एक मज्जातंतूही घेतला आणि जिभेच्या संवेदना वाहणाऱ्या तंतूच्या कापलेल्या टोकाला केसाहून बारीक धाग्यानं शिवला. तंतू न जोडताही काहींना थोडी जाणीव परतते, पण तिचा भरवसा नसतो.

विजेची तार जोडली की दिवा लागतो, तसं इथं होत नाही. हातातून आणलेल्या तंतूचा आतला भाग झडतो, पोकळ नळ्या उरतात. जिभेकडचा तंतू त्यांतून नव्यानं वाढत जातो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मुगाला मोडसुद्धा याहून घाईनं येतो!

तोवर अण्णा आरसा समोर ठेवून जेवत. भात गालात साठून राही आणि त्यांना कळतही नसे. लग्नाकार्याला जाणं त्यांनी बंद केलं. आई रोज कापसाची वात नव्या जिभेवर फिरवायची. ‘कळतंय?’ अण्णा मान हलवायचे. नाही.

सातव्या महिन्यात एका सकाळी बशी खाली आदळली. ‘केवढा कढत चहा हा!’ अण्णा ओरडले. कुठं भाजलं, आईनं विचारलं. त्यांनी बोट ठेवलं ते डाव्या बाजूला.

आईनं मला तशीच पेढ्यांना पिटाळली. पहिला पेढा अण्णांना दिला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला.

‘उजवीकडे गोड लागतोय,’ ते म्हणाले, ‘डावीकडे नुसता मऊ.’