ग्राफिक्स कार्ड घेताना : ३०६० की ४०६०?

जालना म्हटले की पोलादाच्या सळया आणि बियाणे या दोन गोष्टी चटकन डोळ्यांसमोर येतात. ग्राफिक्स कार्डे येथे तयार होत नाहीत. विकत मात्र घेतली जातात. लग्नाच्या चित्रीकरणाचे संपादन करणारे स्टुडिओ, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि संगणकावर गेम खेळणारी मुले हे त्यांचे ग्राहक. मध्यमवर्गीय कुटुंबाला पाव लाखाच्या घरातला हा खर्च चार वर्षांत एकदाच परवडतो. त्यामुळे निवड चुकली तर ती बराच काळ सोसावी लागते.

एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डे या खरेदीत हमखास समोर येतात. पहिले फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलर किमतीला, तर दुसरे जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला बाजारात आले. नवे, स्वस्त आणि क्रमांकाने मोठे, तेव्हा ४०६० घ्यावे, असे कोणालाही वाटेल. तपशिलाचा तक्ता पाहिला की हा निष्कर्ष डळमळू लागतो.

आधी पेटीवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे पाहू. ३०६० ची सैद्धांतिक क्षमता १२.७ टेराफ्लॉप्स आणि ४०६० ची १५.१ टेराफ्लॉप्स सांगितली जाते. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी दशांशी आकडेमोडी. हा आकडा कोणी मोजलेला नसतो, तो गुणाकाराने काढलेला असतो. कार्डावरील गणनकेंद्रांची संख्या, त्यांचा सेकंदाचा ठोका आणि दोन यांचा हा गुणाकार. दोन अशासाठी, की प्रत्येक केंद्र एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज मिळून करते. ३०६० मध्ये ३५८४ केंद्रे १.७७७ गिगाहर्ट्झने चालतात, ४०६० मध्ये ३०७२ केंद्रे २.४६ गिगाहर्ट्झने. केंद्रे कमी असूनही नवे कार्ड सुमारे १९ टक्के पुढे जाते ते या ठोक्यामुळे.

हिशेब खोटा नाही. परंतु प्रत्येक केंद्राला प्रत्येक ठोक्याला काम मिळते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. तसे किती वेळा घडते, याचे उत्तर ३०६० च्याच घराण्यात सापडते. त्याच्या आधीच्या आरटीएक्स २०६० ची सैद्धांतिक क्षमता ६.४५ टेराफ्लॉप्स होती. म्हणजे ३०६० कागदावर जवळजवळ दुप्पट. प्रत्यक्ष गेममध्ये मात्र वाढ साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिली. एक कारण असे, की नव्या रचनेतील निम्मी केंद्रे दशांशी गणित आणि पूर्णांकांचे गणित या दोन्हींसाठी वापरली जातात. पूर्णांकांचे काम आले की दशांशी गणित तेवढे थांबते. दुसरे कारण, मेमरीतून माल आणण्याचा वेग ३३६ वरून केवळ ३६० गिगाबाइट प्रतिसेकंद झाला.

ही दुसरी गोष्ट जालनेकरांना समजावून सांगावी लागू नये. रोलिंग मिल तासाला कितीही टन सळई ओढू शकत असली, तरी भट्टीकडून बिलेट त्या गतीने आले नाहीत तर रूळ रिकामेच फिरतात. ग्राफिक्स कार्डातील बिलेट म्हणजे मेमरीतील आकडे, आणि ते आणणारा रस्ता म्हणजे मेमरी बस. ३०६० ची बस १९२ बिट रुंद असून ती सेकंदाला ३६० गिगाबाइट आणते. ४०६० ची बस १२८ बिटचीच. तिचा प्रत्येक पदर अधिक वेगवान असला तरी एकूण वहन २७२ गिगाबाइटच भरते. मिल मोठी झाली आणि रस्ता अरुंद! दर हजार आकडेमोडींमागे जुन्या कार्डाला सुमारे २८ बाइट मिळतात, नव्याला १८.

मग ४०६० गेममध्ये मागे पडते काय? नाही. १०८० ओळींच्या पडद्यावर ते ३०६० पेक्षा सुमारे वीस टक्के पुढेच असते. याचे श्रेय चिपमध्येच ठेवलेल्या कॅश या छोट्या कोठाराला द्यावे लागेल. ३०६० मध्ये ते ३ मेगाबाइटचे आहे, ४०६० मध्ये २४ मेगाबाइटचे. वारंवार लागणारा माल मिलच्या आवारातच ठेवल्यावर रस्त्यावरच्या फेऱ्या कमी होतात. म्हणजे नुसता बसचा आकडा पाहून ४०६० ला नावे ठेवणारेही फसतात. (कंपनीच्या जाहिरातीतील आलेखांत याहून मोठी झेप दिसते. तिथे दोन खऱ्या चित्रांमध्ये अंदाजाने काढलेले तिसरे चित्र घुसवण्याची सोय मोजलेली असते. ती तुलना निराळी समजावी.)

मात्र माल आवारात मावण्याजोगा नसेल तर हे कोठार निरुपयोगी ठरते. घरच्या संगणकावर भाषिक मॉडेल चालवणे हे असे काम आहे. प्रत्येक शब्दखंड लिहिताना मॉडेलचे सारे आकडे एकदा वाचावे लागतात. सात अब्ज घटकांचे मॉडेल आठ बिटमध्ये साठवले तर ७ गिगाबाइट होते. ३६० ला ७ ने भागा : सेकंदाला फार तर ५१ शब्दखंड. २७२ ला भागा : ३८. येथे जुने कार्ड सरळ जिंकते. त्यातच ३०६० ची मेमरी १२ गिगाबाइट आणि ४०६० ची ८; म्हणजे सात गिगाबाइटचे मॉडेल ठेवल्यावर नव्या कार्डात हालचालीला जागाच उरत नाही. मेमरी भरली की वेगाचा प्रश्नच संपतो, काम अडते. मे २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० ने वहन ४४८ गिगाबाइटवर नेले. मेमरी मात्र ८ गिगाबाइटच ठेवली.

सैद्धांतिक आणि प्रत्यक्ष यांतील हे अंतर महासंगणकांच्या जगात उघडपणे मांडले जाते. पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला, तेव्हा त्याची सैद्धांतिक क्षमता ५.२६७ पेटाफ्लॉप्स आणि मोजलेली ४.६ पेटाफ्लॉप्स, असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिलेले होते. ती चाचणीही गणनकेंद्रांना भरपूर काम पुरवणारी असते. ग्राफिक्स कार्डाच्या पेटीवर असा दुसरा रकाना कोणी छापत नाही.

वीज हा ४०६० चा निर्विवाद गुण. ३०६० ची कमाल गरज १७० वॅट, ४०६० ची ११५. रोज सहा तास पूर्ण भाराने, वर्षाचे तीनशे दिवस काम केले तर ५५ वॅटच्या फरकाने ९९ युनिट वाचतात. शिवाय मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद खोलीत तेवढी उष्णता कमी पडते. चित्रीकरण एव्ही१ या नव्या पद्धतीत साठवण्याची सोयही फक्त ४०६० मध्ये आहे. उलट, संगणक जुना असेल तर एक अडचण संभवते. ४०६० मदरबोर्डाशी आठच मार्गिकांनी बोलते, ३०६० सोळांनी. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर कार्डाची मेमरी भरली, तर हा अर्धा रस्ता चांगलाच जाणवतो.

तेव्हा केवळ गेम खेळायचे असतील आणि मदरबोर्ड नवा असेल तर ४०६० घ्यावे. मॉडेल चालवायची असतील, किंवा ४के चित्रीकरणावर थरांवर थर चढवायचे असतील, तर १२ गिगाबाइटचे ३०६० अधिक उपयोगी. बारा गिगाबाइटचे, हे मुद्दाम सांगितले. २०२२ च्या अखेरीस याच नावाने ८ गिगाबाइटचे, १२८ बिटच्या बसचे आणि सेकंदाला २४० गिगाबाइटच आणणारे कार्डही निघाले. गणनकेंद्रे दोन्हींत ३५८४ आणि ठोकाही तोच; म्हणून टेराफ्लॉपचा आकडा तंतोतंत सारखा येतो. पैसे मोजण्यापूर्वी पेटीवर १९२ बिट लिहिले आहे का, ते वाचून घ्यावे.