खाटा मोजून काय कळते?

अतिदक्षता सेवा पुरेशी आहे की नाही, हे आपल्याकडे खाटा आणि व्हेंटिलेटर मोजून ठरवतात. फीत कापली की आकडा वाढतो आणि विषय मिटतो. हा हिशेब जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला लावून पाहावा. तिथून जामखेड वीस-पंचवीस किलोमीटर, पुढे जिल्हा रुग्णालयासाठी नगर आणखी पाऊणशे. नगरच्या खाटा कागदोपत्री खर्डेकरांच्याही नावावर जमा असतात. पण धाप लागलेल्या माणसाचे काय होणार, हे अनेकदा नगर येण्याआधीच ठरून गेलेले असते. बरे, खाट मिळाली म्हणजे जीव वाचला असेही नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. खाटांच्या मोजणीत आगीपासून बचावाचा रकाना नसतो.

मोजायला हवे ते निराळेच. रात्री दोन वाजता सिलिंडरमध्ये ऑक्सिजन आहे का, त्याचा मास्क सापडतो का, पल्स ऑक्सिमीटर चालू आहे का, नाडी-श्वास-रक्तदाब ठरल्या वेळी नोंदवतात का, आणि आकडा घसरला तर नर्सने काय करायचे हे आधी ठरले आहे का? आफ्रिकेतल्या २२ देशांमधील १८० रुग्णालयांच्या पाहणीत दाखल रुग्णांपैकी साधारण दर आठवा अत्यवस्थ निघाला, आणि अशांतले दोन तृतीयांशांहून जास्त साध्या वॉर्डातच होते. अतिदक्षता विभागापुरतीच मोजणी करणाऱ्याला ते दिसलेच नसते.

यावर आक्षेप येतो, की शहराला व्हेंटिलेटर आणि गावाला नुसता ऑक्सिजन, हा दुजाभाव झाला. पण स्वस्त उपचार हलकाच असतो असे नाही. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनची साधी गोळी वापरून मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. जामखेडलाच डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यसेवेचा पाया घातला. तरी आक्षेपात तथ्य आहे. मण्यार चावल्यावर श्वासाचे स्नायू लुळे पडतात, तेव्हा व्हेंटिलेटरला पर्याय नाही. मात्र तिथवर पोचेपर्यंत अंबू बॅग दाबून श्वास चालू ठेवणारा प्रशिक्षित माणूस रुग्णवाहिकेत नसेल, तर नगरचा व्हेंटिलेटर त्या रुग्णाच्या उपयोगाचा नाही. व्हेंटिलेटर हवेतच; आधी ही साखळी हवी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर असणाऱ्यांनी पुढच्या बैठकीत नव्या यंत्राची मागणी करण्याआधी सिलिंडरचा काटा स्वतः पाहून यावा.